प्याल्यातला उरलेला घोट

बन्यामीन प्यायचं विसरला, असंच आधी सगळ्यांना वाटलं.

शिरूरच्या जुन्या मिशन आवारात एक छोटं चर्च आहे. तिथे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. सगळ्या मंडळीला मिळून एकच मोठा प्याला. चांदीचा मुलामा दिलेला, कडेला थोडा उडालेला. त्यात लिडियाबाईंनी काळे मनुके भिजवून, उकळून, गाळून केलेला रस. आणि तो प्याला बाकाबाकावरून फिरवायचं काम गेली वीस वर्षं लिडियाबाईंच्या नवऱ्याकडे, म्हणजे बन्यामीनकडे. रीत अशी की आधी पाळकसाहेब घोट घेतात, मग प्याला फिरवणारा घेतो आणि मगच तो मंडळीत उतरतो. त्या रविवारी पाळकसाहेबांनी प्याला दिला, बन्यामीननं रुमालानं कड पुसली आणि तोंडाला न लावताच तो खाली उतरला. पाळकसाहेब वयानं लहान, बदलून येऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. त्यांनी भुवया उंचावल्या, पण गाणं चालू होतं म्हणून गप्प बसले.

प्याला सगळीकडे फिरला. नेहमीप्रमाणे तो शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसणाऱ्या रेचलपाशी संपला. उरलेले दोन घोट बन्यामीननं नेहमीप्रमाणे बाहेर नेऊन बुचाच्या झाडाच्या बुंध्याशी ओतले.

आता या मंडळीत प्याला चुकवणं ही साधी गोष्ट नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, घसा धरला असेल, नाही घेतला. पण इथे आजोबा-पणजोबांपासून एकच शिकवण. कुणाशी भांडण असेल, मनात अढी असेल, तर आधी ती काढायची आणि मग ओठ लावायचे. त्यामुळे कुणी प्याला घेतला नाही, की मंडळीला एकच प्रश्न पडतो, कुणाशी वाजलं? मागे शेवंताबाईंनी दाढ काढली म्हणून एकदा प्याला चुकवला होता, तर त्यांच्या दोन्ही सुना आठवडाभर तोंड लपवत फिरल्या आणि शेजारीण कधी नव्हे ती नेलेली परात परत करून गेली.

बन्यामीनचं कुणाशी वाजलं, हे मंडळी चपला घालेपर्यंत ठरलंसुद्धा. भावाशी. धाकटा भाऊ जॉन्सन दौंडला रेल्वेत आहे. त्याच्या ब्लेसीचा साखरपुडा नुकताच झाला होता आणि त्यात प्रार्थनेचा मान सख्ख्या थोरल्या चुलत्याला न देता दौंडच्याच कुणा तिसऱ्याला दिला होता. हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. सुतावरून स्वर्ग गाठायला ही मंडळी पहिल्यापासून तरबेज, इथे तर चांगला दोरखंड हाती लागला होता.

खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं, बन्यामीनला आणि लिडियाला. आणि ते दोघांनाही कुणाजवळ बोलता येत नव्हतं.

बन्यामीनचा जन्म याच आवारातला. बाप चर्चची घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा. आई मिशनच्या दवाखान्यात कपडे धुवायची. जॉन्सनच्या बाळंतपणात तिचं रक्त इतकं गेलं, की डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन रक्तासाठी माणसं गोळा करायला सांगितलं. दवाखान्यासमोर टांगा लावणारा सुभानमामा घोडा तसाच झाडाला बांधून आत गेला आणि बाही वर करून झोपला. त्याचं रक्त जुळलं आणि आई वाचली. बन्यामीन तेव्हा पाचेक वर्षांचा असेल, पण तो घोडा त्याला आठवतो. सुभानमामा आत होता तोवर घोड्याचा दोर यानंच धरून ठेवला होता.

मोठेपणी तो भोसरीला दोन वर्षं एकटा राहून कामाला होता. मग लग्न झालं आणि कारेगावला, कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर लागला. गिअर लाल होईपर्यंत तापवायचे आणि तेलात बुडवायचे, हे काम. उन्हाळ्यात तिथे उभं राहून बघावं, म्हणजे कळतं. कारखान्यात रक्तदानाचं शिबिर लागलं की पहिला नंबर बन्यामीनचा. सुपरवायझर नव्या पोरांना दाखवायचे, "ते बघा, पन्नाशी उलटली तरी पहिले झोपतात, आन् तुम्ही सुईला भिता." प्रमाणपत्रं त्यानं लॅमिनेशन करून घेतलेली, लग्नाच्या फोटोच्या दोन्ही बाजूंना लावलेली. माणसाला कशाचा तरी अभिमान असतो. याला रक्ताचा होता.

आणि या खेपेच्या शिबिरानंतर ब्लड बँकेतून फोन आला. बाईंचा आवाज गोड होता. म्हणाल्या, तुमच्या रक्ताच्या तपासणीत जरा शंका आली आहे, सरकारी दवाखान्यात जाऊन एचआयव्हीची तपासणी परत करून घ्या, घाबरायचं काही कारण नाही. घाबरायचं कारण नाही म्हटल्यावरच बन्यामीन घाबरला.

शिरूरच्या दवाखान्यात जायचं, तर रांगेत निम्मं गाव भेटणार. म्हणून त्यानं लांबचा रस्ता धरला. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दुसऱ्या गाडीनं यवत. यवतमध्ये हायवेच्या गर्दीत कोण कुणाला ओळखतो, असा त्याचा हिशेब.

तिथल्या तपासणीच्या खोलीत अनुपमा नावाची टेक्निशियन होती. तिनं रक्त घेतलं, बाहेर बसवलं आणि बऱ्याच वेळानं आत बोलावलं.

"काका, आधी एक समजून घ्या," ती म्हणाली. "हे किट एचआयव्हीचा विषाणू शोधत नाही. विषाणू अंगात शिरला की रक्त त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, किट ती शोधतं. वस्तीवर कुत्रं भुंकलं की आपण म्हणतो ना, चोर आला? चोर कुणी बघितलेला नसतो. आपण नुसतं भुंकणं ऐकतो. तसंच."

"मंग माझं कुत्रं भुंकलं म्हना."

"तुमचं गुरगुरलंय." तिनं तीन वेगवेगळी किट वापरली होती. पहिल्यावर रेघ आली, दुसऱ्यावर काहीच नाही, तिसऱ्यावर फिकट रेघ. "याला हो म्हणता येत नाही, नाही पण म्हणता येत नाही. दोन आठवडे थांबून परत बघायचं. लागण खरंच नवी असेल, तर तोवर प्रतिपिंडं वाढतात आणि रेघा ठळक होतात. आणि नसेल तर काय, कुत्रं कधीकधी पोस्टमनवर पण भुंकतं."

"पोस्टमन कोन?"

"दुसरा एखादा आजार, आणखी काही. पुष्कळदा कळतच नाही." मग तिनं विचारलं, "काका, पुण्यात एक अभ्यास चालू आहे. त्याच्यासाठी थोडं रक्त द्याल? इच्छा असेल तरच."

आणि तिनं सांगितलं. शरीरातल्या पेशींना उष्णतेचा, तापाचा, जंतूंचा, कसलाही मार बसला की त्या स्वतःला सावरायला काही खास प्रथिनं जास्त बनवतात. ताण-प्रथिनं म्हणतात त्यांना. काही जणांच्या रक्तात त्या प्रथिनांविरुद्धसुद्धा प्रतिपिंडं सापडतात. एचआयव्हीची लागण झालेल्यांत ती जास्त असतात का, आणि असली तर लागण ओळखायची आणखी एक खूण म्हणून ती उपयोगी पडतील का, हे तिकडचे लोक तपासत होते. त्यांना लागण झालेल्यांचं रक्त हवं होतं, न झालेल्यांचं हवं होतं आणि बन्यामीनसारख्या अधांतरी लटकलेल्यांचंही हवं होतं.

"मॅडम, मी भट्टीवर हाय. बावीस वर्सं. त्या धगीनं तर न्हाई ना झालं ह्ये?"

"तसं कुणी म्हणू शकणार नाही, काका. मला माहीत नाही आणि तुमच्या समाधानासाठी काहीतरी ठोकून देणार नाही. माहीत नाही म्हणून तर अभ्यास आहे."

बन्यामीननं बाही वर केली. ज्याच्या रक्ताची अख्खी पिशवी आजवर हसतमुखानं नेली जायची, त्याच्या रक्ताची आता एक बोटभर नळी नेली. तरी द्यायला मिळालं याचं त्याला बरं वाटलं. निघताना अनुपमानं सगळ्यांना सांगायचं तेही सांगितलं. एकत्र जेवण्यानं, उष्ट्या भांड्यानं, एका कपातून प्यायल्यानं हे पसरत नाही. बन्यामीननं मान डोलावली. भिंतीवरच्या तक्त्यावरही तेच लिहिलं होतं आणि तसला तक्ता त्यानं आयुष्यात शंभरदा वाचला होता.

घरी आला तेव्हा लिडिया मेथी निवडत बसली होती. त्यानं समोर बसून सगळं सांगून टाकलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं.

"भोसरीला दोन वर्सं एकलं व्हता. खरं काय त्ये सांगा."

"न्हाई, लिडिया. तसलं काय न्हाई."

"शपत घेऊ नगा. नुसतं सांगा."

"न्हाई म्हनलं ना."

ती परत मेथी निवडायला लागली. रडली नाही, भांडली नाही. बन्यामीनला वाटलं, बाई सोन्यासारखी आहे, झालं गेलं पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला तो कान तुटलेल्या कपात. त्यानं काही मनावर घेतलं नाही. संध्याकाळीही तोच कप आला. तिसऱ्या दिवशी त्याचा टॉवेल न्हाणीतल्या दोरीवरून उचलून दाराबाहेरच्या खिळ्यावर गेला. त्याचं ताट घासून झालं की बाकीच्या ताटांत न ठेवता खिडकीत उपडं राहायला लागलं. लिडिया तोंडानं चकार शब्द बोलत नव्हती. वाढताना दोन घास जास्तच वाढत होती, भाजीत तेल जास्त घालत होती. पण कप तोच होता.

बन्यामीनला फार लागलं. तिला विचारावं, म्हणून एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्याला बुचाचं झाड आठवलं.

रेचलचा नवरा ट्रकवर होता. तो एचआयव्हीनं गेला आणि तपासणीत तिलाही लागण निघाली. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मयतीला आलेल्यांनीच ते गावभर केलं. वर्षभर ती चर्चला फिरकलीच नाही. मग गोळ्या सुरू झाल्या, अंग धरलं, शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई घरी घ्यायला लागली आणि एका रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसली. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. तोवरची रीत अशी होती, की प्याल्यात उरलेला रस फिरवणाऱ्यानंच संपवायचा, एक थेंब वाया घालवायचा नाही. बन्यामीननं तिच्यासमोर प्याला धरला, ती प्यायली. मग प्याल्यात उरलेल्या दोन घोटांकडे बघत तो क्षणभर उभा राहिला. आणि दारातून बाहेर जाऊन त्यानं ते बुचाच्या झाडाला घातले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आत आल्यावर तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी नुसतं बघितलं, तेव्हा तो म्हणाला, "उन्हाळा हाय, झाडाला तेवढंच." बारा वर्षं झाली त्याला. पावसाळ्यातसुद्धा झाडाला तेवढंच मिळत राहिलं. आताच्या पोरांना तर वाटतं, ही रीत मिशनऱ्यांनीच घालून दिली. रेचल त्या दिवसापासून शेवटच्याच बाकावर बसते. तिलाही कुणी सांगितलेलं नाही.

एका प्याल्यातून हे पसरत नाही, हे बन्यामीनला तेव्हाही माहीत होतं आणि आताही होतं. तरी पहिल्या रविवारी प्याला हातात आला, तेव्हा आपल्या ओठांनी तो बाटेल असं त्याला वाटलं आणि हात वर गेला नाही. म्हणजे तक्ता वाचणं वेगळं आणि मानणं वेगळं. हे कळल्यावर तो दोन दिवस नीट जेवला नाही.

तेवढ्यात जॉन्सन आला. पुढच्याच रविवारी दुपारी, दौंडहून, एका हातात कापून घेतलेली कोंबडी आणि दुसऱ्या हातात पेढे. मागून पाळकसाहेब. त्यांनीच फोन करून बोलावून घेतलेलं. जॉन्सननं पेढे लिडियाच्या हातात दिले आणि वाकून भावाचे पाय धरले.

"दादा, मी चुकलो. माफी कर."

"आरं, उठ. माझं तुझ्याशी काय भांडान हाय?"

"बघा," जॉन्सन पाळकसाहेबांकडे वळून रडवेला झाला, "न्हाई म्हनतोय. लईच लागलंय त्येला."

पाळकसाहेबांनी बन्यामीनच्या खांद्यावर हात ठेवला. "बन्यामीनमामा, मनात ठेवू नका. मोकळे व्हा." लिडिया पदर तोंडात कोंबून आत निघून गेली. बन्यामीन पेचात पडला. भांडण नाही म्हणावं, तर मग प्याला का चुकवला ते सांगावं लागणार. ते सांगावं, तर दौंडपर्यंत बोभाटा. ब्लेसीचं लग्न ठरलेलं, सासरची माणसं काय म्हणतील? त्यापेक्षा भांडण पत्करलेलं बरं.

"लागलं व्हतं जरा," तो म्हणाला. "पर आता न्हाई."

एवढ्यावर थांबला असता, तर तो जॉन्सन कसला. मन मोकळं करायच्या भरात त्यानं सांगून टाकलं, "खरं म्हंजी दादा, तू प्रार्थनेला उभा राहिलास की संपतच न्हाई. पाव्हन्यांची जेवनं गार व्हत्यात. म्हनून मुद्दाम दुसऱ्याला सांगितलं." बन्यामीनला हे ठाऊक नव्हतं. आजवर नसलेली अढी त्या क्षणी खरोखरची पडली. पण माफ करून झालं होतं, आता काय करणार? कोंबडी शिजली, सगळे जेवले. पाळकसाहेबांनी उठताना जाहीर केलं, की येत्या प्रभुभोजनाला दोघे भाऊ मंडळीसमोर एका प्याल्यातून पितील, म्हणजे लोकांच्या मनातलंही जाईल. जॉन्सन म्हणाला, ब्लेसीला, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, सासू-सासऱ्यांनाही घेऊन येतो.

आता काही सुटका नव्हती. पुढच्या पहिल्या रविवारी प्याला चुकवला, तर भावाचं तोंड त्याच्या व्याह्यांसमोर काळं होणार. आणि घेतला, तर कुठल्या तोंडानं? ही एकच गोष्ट घोळवत बन्यामीन दुसऱ्या खेपेला यवतला गेला.

रक्त देऊन तो बाहेरच्या बाकावर बसला, तर आतल्या दारातून गोळ्यांची पिशवी घेऊन रेचल बाहेर आली. तीही शिरूरची रांग चुकवायला वर्षानुवर्षं इथेच येत होती. लपायला दोघांनी एकच जागा निवडलेली.

"भाऊ, तुम्ही हितं कसं?"

"असंच. एका पेशंटला बघाया आलोय."

रेचलनं दारावरच्या पाटीकडे बघितलं आणि शेजारी बसली. "ह्या दारात बघाया कुनी येत न्हाई, भाऊ. हितं आपुनच पेशंट असतो."

बन्यामीननं मान खाली घातली. मग हळूहळू सगळं सांगितलं, गुरगुरलेल्या कुत्र्यासकट. आणि म्हणाला, "कुनाला बोलू नगंस."

"मी कशाला बोलू? माझं बोलनारी मान्सं येगळी व्हती." जरा वेळानं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हंजी म्हनून प्याला घेतला न्हाई व्हय? आन् मंडळी म्हनती, भावाशी भांडान!" तिला हसू आवरेना. जॉन्सनची कोंबडी ऐकल्यावर तर तिनं पदरच तोंडाला लावला. बन्यामीनही हसला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "पर प्याल्यानं काय व्हत न्हाई, भाऊ. म्हाईत हाय न्हवं?"

"म्हाईत हाय."

गोळ्यांची पिशवी घडी घालून रेचलनं पर्समध्ये नीट ठेवली.

अनुपमानं आत बोलावलं. तिन्ही किट समोर मांडून दाखवली. किट नीट चालतंय हे दाखवणारी नियंत्रणाची रेघ तेवढी होती, ती असावीच लागते. दुसरी रेघ एकावरही नव्हती.

"निगेटिव्ह, काका. लागण नाही."

"मंग आदुगरच्या रेघा?"

"पोस्टमन."

"पर कोन व्हता?"

"ते मला सांगता येणार नाही. पुण्याहून काही कळलं तर फोन करीन. वर्ष लागेल, कदाचित कधीच कळणार नाही." रक्तदानाचं त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ते ब्लड बँकवाले ठरवतील. बहुतेक आता घेणार नाहीत." एवढ्या आनंदात त्याला तेवढं एक टोचलं.

तो स्टँडवर आला. रेचल चौफुल्याच्या गाडीची वाट बघत उभी होती. आख्ख्या जगात ही बातमी सांगावी अशी तिथे ती एकच होती आणि तिलाच ती कशी सांगावी, हे त्याला कळेना. त्याच्या तोंडाकडे बघूनच ती समजली.

"न्हाई निघालं?"

"न्हाई."

"देवानं ऐकलं!" ती मनापासून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गाडी आली, दोघं चढले, चौफुल्याला गाडी बदलून शिरूरच्या गाडीत एका सीटवर बसले. केडगाव मागे पडल्यावर खिडकीबाहेर बघत तिनं विचारलं, "मंग पुढच्या प्याल्याला उरल्यालं कुठं वतनार, भाऊ?"

आवाजात राग नव्हता. शिलाईचं माप विचारावं तसं विचारलं.

रिपोर्ट ऐकून लिडिया मोठ्यानं रडली, नवऱ्याच्या हाताला धरून रडली. त्या संध्याकाळी चहा फुलाफुलांच्या कपात आला आणि टॉवेल आत दोरीवर गेला. कान तुटलेला कप तिनं कचऱ्यात टाकला होता. बन्यामीननं तो उचलला, धुतला आणि दुसऱ्या दिवशीचा चहा त्यातच मागितला. लिडियानं त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "मला भ्या वाटलं, ओ," ती म्हणाली. "मलाबी वाटलं व्हतं," बन्यामीन म्हणाला. "बारा वर्सांमागं."

महिन्याचा पहिला रविवार उजाडला. चर्च गच्च भरलं होतं. भावाभावांचं मिटताना बघायला एरवी नाताळालाच दिसणारी माणसंही आली होती. जॉन्सन पहिल्या बाकावर, कडक इस्त्रीत, शेजारी ब्लेसी आणि तिच्या सासरचे. शेवटच्या बाकावर, दाराजवळ, रेचल. पाळकसाहेबांनी घोट घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा प्याला पुढे केला. बन्यामीननं तो घेतला, कड पुसली आणि तोंडाला न लावता खाली उतरला.

मंडळीत कुजबुज उठली. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. जॉन्सननं आपला घोट घेतला तो कसाबसा, व्याह्यांकडे न बघता. बन्यामीनला ते दिसत होतं आणि भावासाठी त्याचा जीव तुटत होता, पण तो थांबला नाही. बाकामागून बाक करत तो शेवटपर्यंत गेला. रेचलसमोर प्याला धरला. ती प्यायली आणि सवयीनं दारापुढून पाय आखडून घेतले, त्याला बाहेर जायला वाट म्हणून.

बन्यामीननं यावेळी कड पुसली नाही. तिथेच, तिच्यासमोर उभा राहून त्यानं प्याला तोंडाला लावला आणि उरलेला रस शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. कुजबुज थांबली. रेचलनं एकदा वर बघितलं आणि मग बराच वेळ मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. पुढच्या बाकावरून लिडियानं वळून पाहिलं आणि ती रडायला लागली, त्याचं कारण कुणालाच कळलं नाही.

उपासना संपली. मंडळी चपला घालत होती. आज धागा जुळत नव्हता म्हणून सगळेच हळूहळू घालत होते. बन्यामीन रिकामा प्याला घेऊन बाहेर आला, तर जॉन्सननं त्याला बुचाच्या झाडाखाली गाठलं. त्याच्या डोक्यात आता उजेड पडलेला होता.

"दादा, म्हंजी तुझं भांडान माझ्याशी न्हवतंच? रेचलबाईशी व्हतं?"

बन्यामीननं जरा विचार केला. "व्हय."

"कवापासनं?"

"बारा वर्सं झाली."

"बारा वर्सं! आन् आमाला कुनाला पत्ता न्हाई?"

"तिला व्हता," बन्यामीन म्हणाला आणि प्याला धुवायला नळाकडे गेला.